मतदारसंघ गेले, माणसे राहिली

नारायणगुड्यातील मराठी माणसास केशव मेमोरियलची वाट विचारावी लागत नाही. १९४० साली स्थापन झालेली ही शिक्षणसंस्था ज्यांच्या नावाने उभी आहे, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर मूळचे परभणी जिल्ह्याचे. विवेकवर्धिनीच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. या घराण्याचा आपल्या शहराच्या निवडणुकांशी जो संबंध आला, तो मात्र नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसतो. तो थोडक्यात येथे सांगावा, असे आम्हांस वाटते.

प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९५२ साली झाली. त्या वेळी तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे हैदराबाद राज्यात एकत्र नांदत होते. गोदाकाठच्या खेड्यातील शेतकरी उमेदवाराचे चिन्ह लावलेल्या पेटीत आपली मतपत्रिका टाकी, आणि त्याने निवडलेला प्रतिनिधी मुंबईस न जाता हैदराबादच्या विधानसभेत येऊन बसे. सभागृहाच्या जागा १७५. काँग्रेसला ९३ मिळाल्या. विरोधी बाजूस लोकशाही आघाडीचे ४२, समाजवाद्यांचे ११ आणि शेतकरी कामगार पक्षाचे १० सभासद होते. सभापतिपदी काशिनाथराव वैद्य होते. मंत्रिमंडळात दिगंबरराव बिंदू आणि केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार होते. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णराव तेलुगुभाषक खरे, पण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले. शादनगरच्या ग्रामीण मतदारांनी त्यांना निवडून दिले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य विसर्जित झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. त्यांचे मतदारसंघ त्यांच्याबरोबर गेले. पण हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे येथेच राहिली. ज्या सभागृहात काल आपल्या गावाकडचा माणूस आपल्या भाषेचा होऊन बसत होता, तेथे आता आपले कोण, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

त्याचे एक उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १९५७ च्या निवडणुकीत हैदराबाद मतदारसंघातून विनायकराव कोरटकर काँग्रेसच्या वतीने लोकसभेवर निवडून आले. गुरुकुल कांगडीची पदवी आणि बॅरिस्टरी अशी दुहेरी विद्या त्यांच्यापाशी होती. भाषावार प्रांतरचना नुकतीच झालेली. शहरात उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांचे प्राबल्य. केवळ मराठी मतांवर हा विजय मिळणे शक्यच नव्हते. शहराने त्यांना आपला माणूस मानले, म्हणूनच तो मिळाला.

इंग्लंडच्या इतिहासात याच्या नेमके उलट एक उदाहरण आहे. सॅलिसबरीजवळचे ओल्ड सॅरम हे गाव कधीच ओस पडले होते. तरीही १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत तेथून पार्लमेंटात दोन सभासद जात असत. तेथे माणसे गेली, मतदारसंघ राहिला. आपल्याकडे मतदारसंघ गेले, माणसे राहिली.

पुढेही सीमा बदलतच आल्या. आपल्या परिसरातील हिमायतनगर हा विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीपासून नाहीसा झाला आणि त्याचा प्रदेश शेजारच्या मतदारसंघांत वाटला गेला. लोकसभेसाठी नारायणगुडा आता सिकंदराबादमध्ये मोडतो. २०१४ साली तर राज्यच बदलले आणि आपण तेलंगणाचे नागरिक झालो.

नकाशावरील या रेघा आपल्या हाती नाहीत. मतदारयादीतील आपले नाव मात्र आपल्या हाती आहे. “आपला उमेदवारच नाही, मग मत कोणास द्यायचे?” असे आपल्या मंडळींत पुष्कळदा ऐकू येते. प्रतिनिधी भाषेचा नसतो, वस्तीचा असतो. रस्ता, पाणी आणि शाळा यांची भाषा सर्वांना एकच कळते. दुसऱ्या भाषेच्या मतदारांनी १९५७ साली एका कोरटकरांना दिल्लीस पाठविले, हे विसरून आपण मतदानाच्या दिवशी घरी बसणे शोभणारे नाही. केशवरावांचे नाव ज्या वस्तीत रोज उच्चारले जाते, त्या नारायणगुड्यास तर ते मुळीच शोभत नाही.