होडीची सोनोग्राफी

नव्याकोऱ्या कयाकला ड्रिलने भोक पाडायचं? नुसत्या कल्पनेनेच अंगावर काटा आला! पण फिशफाइंडरच्या खोक्यातला कागद तेच सांगत होता. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारी ती काळी डबी, होडीच्या बाहेर स्क्रूने बसवा.

सोमवार ते शुक्रवार नागपूरच्या मिहानमध्ये मॉनिटरकडे बघणारा मी शनिवारी सेवाग्रामला येऊन होडीतही स्क्रीन लावतोय, यावर ऑफिसच्या गँगने माझी भरपूर खेचली. खेचू देत.

खरं तर भोकाची गरजच नसते. प्लास्टिकच्या कयाकचं बूड एकाच थराचं असतं आणि ध्वनी त्यातून आरपार जातो. डबी आतूनच बसवायची. फक्त मध्ये हवा नको. ध्वनी पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतून जेमतेम ३४०. आणि पाणी नि हवा भेटतात तिथून तो जवळपास सगळाच्या सगळा माघारी फिरतो. डबीखाली हवेचा पातळ थर राहिला तरी स्क्रीन कोरा.

हे मला आईने समजावलं. तिची अख्खी नोकरी सोनोग्राफीच्या खोलीत गेली. "पोटावर जेल कायले लावते मंग? प्रोब अन् चामडीच्या मधातली हवा काढाले. तू काय वेगळं करून राहिला?" तिचं मशीन मेगाहर्ट्झवालं, माझं २०० किलोहर्ट्झचं, बाकी फंडा तोच.

मग जुन्या योगा मॅटचा जाडसर चौकोन कापला, मधोमध डबीच्या मापाचा खळगा केला आणि सीटच्या मागे, बूड सपाट असून कायम पाण्याखाली राहतं तिथे, सिलिकॉनने चिकटवला. या प्लास्टिकवर सिलिकॉन फार घट्ट धरत नाही. त्यामुळे जागा आधी पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा आणि रात्रभर हात लावू नका. खळग्यात जेल भरणार होतो, पण ते वाळतं, म्हणून साधं पाणीच ओत, हा सल्लाही आईचाच. १२ व्होल्टची छोटी बॅटरी इन्व्हर्टरवाल्याकडे मिळाली. दोरीला दगड बांधून खोली मोजायची. स्क्रीनवरचा आकडा जुळला की काम फत्ते.

गंमत म्हणजे मासा दिसतो तोही हवेमुळेच! त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून ध्वनी परततो.

आता होडी न्यायची कुठे? बोरचं जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे हा शौक नको. मी धाम नदीवरच्या महाकाळीच्या जलाशयावर गेलो. आपल्याकडे जलाशयातली मासेमारी सहसा मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असते. तेव्हा आधी विचारा, मग गळ टाका. आणि लाइफ जॅकेट? घालाच.

विचारायला गेलो ते थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं आवरणाऱ्या साठीतल्या एका काकांकडे. मला जरा ओशाळल्यासारखंच झालं. यांचं पोट ज्या माशांवर, तेच शोधायला मी बॅटरी लावून आलेलो! काका मात्र स्क्रीनकडे बघून हसले. "मासे कुठी हायेत, थे आमाले ठाऊक हाये जी. याच्यात विहीर दिसते का?"

त्यांच्या वडिलांचं वावर धरणात गेलं होतं. विहिरीसकट. पाणी चढत होतं तेव्हा वडील रोज काठावर येऊन बसायचे, एवढंच त्यांनी सांगितलं.

काकांनी काठावरचं एक चिंचेचं झाड आणि समोरची टेकडी यांची सरळ रेघ धरायला लावली. मी वल्हं मारत पुढे, ते तराफ्यावरून मागे. या मशीनचा झोत शंकूसारखा पसरतो; २० अंशांचा झोत २० फुटांवर जेमतेम ७ फुटांचं वर्तुळ बघतो. म्हणजे अगदी डोक्यावर जाईपर्यंत विहीर दिसणार नाही. तासभर तळाची रेघ २२ फुटांवर सपाट चालली होती. काका दोनदा म्हणाले, "जाऊ द्या जी." पण परत फिरले नाहीत.

तिसऱ्या फेरीत रेघ एकदम ३१ वर उतरली, क्षणभर तिथे राहिली आणि पुन्हा २२ वर आली.

मी होडी मागे घेतली. पुन्हा ३१. काकांनी तराफा जवळ आणला, स्क्रीनवर ओला हात ठेवला.

"गाळ भरला असंल," ते म्हणाले. "पहिले लय खोल होती."