नानांचा ब्रेक

आमच्या नानांनी चेतक स्कूटरसाठी पैसे भरले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, आणि स्कूटर घरी आली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. साल १९८४. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे घरच्या ज्येष्ठता यादीत ती माझ्या वर, आणि नानांनी तो क्रम अजून बदललेला नाही. गाडी आकुर्डीची, आमच्या वाळूजचा कारखाना सुरू झाला १९८५ साली. तरी नाना तिला 'आपल्या गावची' म्हणतात.

तर गेल्या महिन्यात या गाववालीने गुलमंडीवर एका पेरूच्या हातगाडीला धडक दिली. नाना म्हणाले, ब्रेक लागला नाही. मी तपासला, लागत होता. लागत नव्हता तो पाय. मधुमेहाने नानांचे तळवे बधिर झालेत. खाली पेडल आहे की नुसती चप्पल, हे त्यांना वाकून पाहावं लागतं. पण शहात्तर वर्षांच्या बापाला 'गाडी सोडा' म्हणायचं कुणी? साहेबांना 'हो हो' म्हणण्यात माझी वीस वर्षं गेली. मी म्हणालो, "नाना, पेडल जाम झालंय. खोलून ग्रीस करतो."

मी कॉमर्सचा पदवीधर. हातात पाना धरण्याचा अनुभव शून्य. चेतक आडवी केली (ही एक कला या स्कूटरने साऱ्या देशाला शिकवलेली आहे), पण पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला, आणि अंगणाला पंपाचा वास सुटला. मागच्या चाकाजवळचा नट काढून केबल सैल केली. मग पेडलची स्प्रिंग. ती निघाली, आणि थेट तुळशीत गेली. ब्रेकच्या दिव्याची वायर सोडवली. उरले पायथ्याखालचे बोल्ट. ते आमच्या बँकेतल्या जुन्या थकबाकीदारांसारखे. नोटीस, विनंती, हातोडी, कशालाच दाद देईनात. रात्रभर डिझेल पाजलं तेव्हा हलले. पेडल हातात आलं, आणि पाहतो तर त्याच्या पिनेवर खरोखरच गंजाचा थर! माझं खोटं निम्मं खरं निघालं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पेडल मी बँकेत नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं. रबरी शिक्के, टाचण्या आणि ब्रेक. रोज कुलूप.

नाना रोज संध्याकाळी स्कूटर पुसायचे. चौथ्या दिवशी विचारलं, "झालं का ग्रीस?" मी म्हणालो, "रबर मिळत नाही, नाना." दहाव्या दिवशी ते पेन्शनचं पासबुक भरायला बँकेत आले. रिक्षाने. पासबुकावर मारायला मी शिक्का काढला, तर शिक्क्याच्या शाईने निळं झालेलं पेडलही सोबत वर आलं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागे रांग होती.

"राहू दे," ते म्हणाले. "परवा दुकानात विचारून आलो. ती नवी विजेवरची चेतक आलीय ना, तिला पायाचा ब्रेकच नाही. दोन्ही हातात. हात माझे ठणठणीत आहेत. कर्जाचा फॉर्म कुठे मिळतो?"

फॉर्म माझ्याच काउंटरवर मिळतो.