तुझा देव कुठं होता?

मित्रांनो, माझा भाऊ विहिरीच्या सुरुंगात गेला तेव्हा तुम्ही विचारलं, तुझा देव कुठं होता? सवाल रास्त आहे. पाळक म्हणाले, देवाची मर्जी. मला ते पटलं नाही. ठेकेदाराच्या हलगर्जीला देवाची मर्जी कशी म्हणू?

आई रातभर मढ्यापाशी बसली. पहाटं म्हणाली, "त्याचाबी पोरगा असाच मारला, वेशीभाईर. त्याला ठावं हाय." येशूला यरुशलेमच्या वेशीबाहेरच खिळलं. देवानं आपल्याला का टाकलं, हे मरताना त्यानंही विचारलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा देव परका वाटत नाही. तो मरण टाळत नाही, पण मढ्याशेजारी बसतो.

तिसऱ्या दिवशी आईनंच मला भरपाईचा अर्ज लिहायला बसवलं. जातीच्या रकान्यापाशी हात थांबला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला. आम्ही ख्रिस्ती दलित अजून वेशीबाहेरच. जात मात्र आमच्या मागं चर्चच्या बाकापर्यंत आली.

म्हणून मोर्चात मी तुमच्यासंगं चालतो. देवाला घरी ठेवून येत नाही.