गोगलगायीचे घर

गोगलगाय म्हणजे मंदपणाची मूर्ती, असे लोक समजतात. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ या म्हणीने तर त्या गरीब जिवाला लबाडही ठरविले आहे. परंतु त्या एकाच रुंद पायावर हा प्राणी आपले घर जन्मभर वाहून नेतो आणि ते घर स्वतःच बांधतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

तळ्यांत व भातखाचरांत राहणारी पायला ही मोठी गोगलगाय पाहावी. तिला कल्लाही असतो आणि फुप्फुसाची पिशवीही असते. पाण्यात ती कल्ल्याने श्वास घेते. मधूनमधून वर येऊन नळीसारखा अवयव पाण्याबाहेर काढते व हवा आत ओढते. तळे आटले, तर ती चिखलात शिरते आणि शंखाचे दार मिटून पावसाची वाट पाहते.

एका शाळकरी मुलाने अशा दोन गोगलगायी तळ्यातून आणून काचेच्या पेटीत ठेवल्या. पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने ते सगळे ओतून दिले आणि तांब्याच्या हंड्यातले पाणी भरले. घरची सारी माणसे तेच पाणी पीत. मग ते वाईट कसे असणार? संध्याकाळी दोघीही दार मिटून तळाशी बसल्या. मुलाला वाटले, झोपल्या असतील. तिसऱ्या दिवशी एकीचे दार सैल पडले. आत प्राण उरला नव्हता.

विज्ञानाच्या गुरुजींनी सारी हकीकत ऐकून घेतली. ते रागावले नाहीत. “तांब्याचा जो अंश माणसाला बाधत नाही, तोही गोगलगायीला विषासारखा असतो,” ते म्हणाले. दुसरीला तळ्याच्या पाण्यात ठेवावयास सांगून त्यांनी पाण्याची निगा समजावून दिली. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच पदार्थाचा, बनलेला असतो. पाण्यात कॅल्शियम कमी असेल, तर नवा शंख पातळ होतो. पाणी आम्ल असेल, तर जुनाही झिजतो. म्हणून पाण्याचा सामू ७ ते ८ असावा आणि तळाशी शिंपल्यांचे तुकडे घालावेत. उरलेले अन्न कुजले की अमोनिया तयार होतो. वाळूतील जीवाणू त्याचे रूपांतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये करतात. सगळे पाणी ओतून वाळू धुऊन काढली, तर हे मदतनीसही नाहीसे होतात. यास्तव आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बराचसा उडून जातो. पेटी काठोकाठ भरू नये. श्वासासाठी वर जागा राहू द्यावी.

चौथ्या दिवशी दुसरीने दार किंचित उघडले. मग दोन मिशा बाहेर आल्या. मुलगा श्वास रोखून पाहत राहिला.

काही महिन्यांनी शंखाच्या कडेला नवा, गुळगुळीत भाग वाढला. जुन्या व नव्या भागांमध्ये एक बारीक रेघ उमटली होती; वाढ थांबल्याच्या दिवसांची ती खूण. पाणी बदलताना मुलाची नजर त्या रेघेवर गेल्यावाचून राहत नसे.