बोट आली की

छोट्या जहाजाचा कप्तान पहिल्याच संध्याकाळी नकाशा उलगडतो आणि वर सांगतो, यावरची रेघ फार मनावर घेऊ नका. वारा कुठून आहे, लाट किती आहे, यावर उद्याचं उद्या ठरेल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबन बंदरातून निघालेल्या आम्हा डझनभर प्रवाशांना हे पहिल्या दिवशी गमतीचं वाटलं, दुसऱ्या दिवशी खरं वाटलं. मोठी क्रूझ जहाजं माणसाला समुद्राचा विसर पडावा अशा बेताने बांधलेली असतात. इथे चहाचा कप टेबलावर ठेवायचा तरी आधी लाटेचा अंदाज घ्यावा लागतो.

मल बेटाच्या टोकाला टोबरमोरी हे गाव लागतं. धक्क्यालगत लाल, पिवळ्या, निळ्या घरांची ओळ. छायाचित्रात दिसतं तसंच. मासे आणि बटाट्याचे तळलेले काप खाऊन पुढे निघालो. स्टाफाला मात्र थांबावं. बेट इवलंसं, पण सगळं षट्कोनी बसाल्टच्या खांबांवर उभं. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे खांब अनोळखी वाटायचे नाहीत. तिथेही लाव्हा असाच सावकाश थंड होत, आक्रसत, चिरत गेला. फरक इतकाच, की तिथे भोवती इमारती आहेत आणि इथे लाट खांबांच्या पोटातल्या गुहेत शिरून घुमते. १८२९ मध्ये संगीतकार मेंडेल्सोन इथे आला होता. त्याला बोट लागली होती म्हणे. तरी त्याची ‘हेब्रिडीज’ ही रचना जगभर गेली.

शेजारच्या लुंगा बेटावर पफिन आहेत. कड्याच्या गवतात बिळं करून राहणारा, रंगीत चोचीचा हा पक्षी माणसाला भ्यायचं सोडून जवळ येतो. आपण बिळांपाशी बसलो की त्यांची अंडी-पिल्लं लुटणारे मोठे गल पक्षी लांब राहतात, असं आमचा वाटाड्या सांगत होता. आपल्या नुसत्या बसण्याने कुणाचं भलं होतं हे ऐकून सगळे प्रवासी एकदम शहाण्यासारखे बसले.

सेंट किल्डा या बेटसमूहाला पोचायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. चोर कप्पे उलटे केले, बुटांच्या तळातली माती घासून काढली. हुडकायचा होता मोठा उंदीर, रॅट. एखादी गाभण उंदरीण बेटावर उतरली तर जमिनीत घरटी करणाऱ्या लाखो पक्ष्यांची धडगत नाही. पिशवीत बिस्किटांचा चुरा सापडला म्हणून एका आजोबांना पिशवी परत झटकून आणावी लागली, आणि ते जरा रागावलेही. पण आम्ही ज्या बेटावर निघालो होतो तिथे पाहुण्यांची अशी झडती चारशे वर्षं आधी सुरू व्हायला हवी होती.

सेंट किल्डा नॉर्थ उइस्ट बेटाच्या पश्चिमेला साधारण ६४ किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये. मुख्य बेटाचं नाव हिर्टा. चारशे मीटरांहून उंच कडे आहेत, झाड एकही नाही. उपसागर आग्नेयेला उघडा, त्यामुळे त्या दिशेचा वारा असला की रबरी होडीने काठाला लागणंच अशक्य. आम्हाला वाऱ्याने कृपा केली. काठावर एकच गल्ली, घरांची एकच रांग, बहुतेकांवर छप्पर नाही. मागच्या डोंगरभर दगडी घुमट्या विखुरलेल्या, बाराशेहून जास्त. त्यांना क्लेट म्हणतात. दगड बिनचुन्याचे रचलेले, वर गवताची टोपी. फटींतून वारा खेळतो, पाऊस आत येत नाही. पक्ष्यांचं मांस, अंडी, गवत त्यात वाळवून टिकवायचं. या लोकांचं शेत म्हणजे कडा. पुरुष दोराला लोंबकळत फुल्मर आणि गॅनेट हे समुद्रपक्षी धरत. मांस खायचं, तेल दिव्यात घालायचं, पिसं बेटाच्या मालकाला खंड म्हणून द्यायची. शिकारीची वाटणी घराघरांत सारखी होई.

आणि बोट आली की सगळं गाव खोकू लागे. मार्टिन मार्टिन हा लेखक १६९७ मध्ये इथे आला होता, त्याने हे लिहून ठेवलं आहे. एकाकी गावात साध्या सर्दीची सवयसुद्धा शरीराला नव्हती. पुढे १८७७ पासून उन्हाळ्यात नियमाने आगबोटी येऊ लागल्या. पर्यटक लोकरी मोजे, कापड, पक्ष्यांची अंडी विकत घेत, फोटो काढत. बेटकरांनी फोटोचे पैसे मागितले तर त्यांना हावरट ठरवलं गेलं. मला तो व्यवहार चोख वाटतो. पण पैशाने खरेदीची सवय लागली, पिठामिठासाठी बोटीची वाट पाहायची पाळी आली, आणि त्याच बोटीतून तरुण पोरं एकेक करून निघून गेली. दोर धरायला हात उरले नाहीत. १९३० मध्ये लोकांनीच सरकारला अर्ज केला: आम्हाला इथून न्या.

२९ ऑगस्ट १९३० रोजी नौदलाच्या हेअरबेल जहाजावर ३६ माणसं चढली. घराघरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची छोटी रास ठेवली होती. कोकणात बंद घराच्या देव्हाऱ्यात तेलवात करायला शेजाऱ्याला सांगून जातात. इथे सांगायला शेजारी राहणार नव्हता. काही पुरुषांना सरकारने नोकऱ्या दिल्या त्या वनखात्यात. ज्यांच्या बेटावर झाड उगवलं नव्हतं त्यांना!

या बेटावर आधीपासून दोन जातींचे चिमुकले उंदीर होते, रॅट नव्हेत. माणसं गेल्यावर थोड्याच काळात घरातला उंदीर नामशेष झाला. रानातला टिकला, तो अजून दगडांत पळताना दिसतो. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या आणून सोडल्या, त्यांचे वंशज गल्लीतल्या अंगणांत चरतात. कातरायला कुणी नाही, लोकर आपोआप गळून लोंबते. लष्कराचं रडार केंद्र मात्र आहे. त्याची जनित्रं घरघरतात, आणि ओसाड बेटाची कविता करायला आलेल्या माणसाचा हिरमोड होतो. तेही बरंच.

दुपारनंतर कप्तानाने जहाज बोरेरे बेटाकडे वळवलं. बाजूला समुद्रातून उभे निघालेले दोन सुळके, स्टॅक ली आणि स्टॅक अन आर्मिन. दुसऱ्याची उंची १९६ मीटर. वरून पांढरे दिसतात ते गॅनेट आणि त्यांची विष्ठा. वास जहाज पोचायच्या आधी नाकात. हजारोंनी पक्षी डोक्यावर गिरक्या घेतात, मध्येच एखादा पंख मिटून भाल्यासारखा पाण्यात घुसतो.

१७२७ च्या ऑगस्टमध्ये याच आर्मिनच्या सुळक्यावर तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी धरायला उतरवले होते. त्यांना न्यायला येणारी होडी आली नाही. हिर्टावर देवी आल्या होत्या. हॅरिस बेटावर गेलेला एक बेटकर तिथे देवीने मेला, त्याचे कपडे परत आले आणि रोग घेऊन आले. होडी वल्हवण्याइतकी माणसं गावात उरली नाहीत. ती अकरा जणं त्या खडकाच्या कपारीत पक्षी आणि मासे खाऊन हिवाळाभर राहिली. १७२८ च्या मे महिन्यात मालकाचा कारभारी खंड वसूल करायला आला तेव्हा त्यांना उतरवलं. सगळी जिवंत होती. होडी वेळेवर आली असती तर त्यांतली किती उरली असती, याचा हिशेब आम्ही डेकवर उभे राहून करत होतो, तेवढ्यात कप्तानाने सांगितलं, लाट वाढते आहे, वस्तू बांधून ठेवा, हॅरिसला निघतोय.