पंप रुसतो तेव्हा...

मैत्रिणींनो, मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा असतो. गॅस संपला तर शेजारणीकडे कुकर लावता येतो. पण विहिरीवरचा पंप बंद पडला, की घराचं सगळं गाडंच अडतं! तोही बंद पडतो कधी? पाहुणे आलेले असताना, नाहीतर घरात आजारपण असताना. बटण दाबणं एवढंच आपलं काम, बाकी ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय?’ असं म्हणून आपण मिस्त्रीची वाट बघत बसतो.

आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या वर्षी मला ही वाट बघणं परवडेना. दिवसातून दोन-तीनदा चादरी धुवायच्या आणि टाकी कोरडी! मोटार चालायची, पण पाण्याचा थेंब नाही. मिस्त्री आले, म्हणाले, “मोटार जळालीय, नवं वायंडिंग करावं लागेल.” जळालेली मोटार इतकी छान फिरेल कशी? मी त्यांना ‘नको’ म्हटलं आणि शेतावरचे पंप वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माझ्या मामांना बोलावलं. त्यांनी जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगते.

ताक घुसळताना बघा, रवी फिरली की ताक कडेला चढतं आणि मधोमध खळगा पडतो. पंपाच्या पोटात अशीच पात्यांची एक चकती असते, तिला इंपेलर म्हणतात. ती पाणी कडेला भिरकावते, मध्ये दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी पाइपातून वर ढकलतो. पण ताकच नसेल तर रवी घुसळणार काय? पंपात पाण्याऐवजी हवा असली, की चकती नुसतीच फिरते.

तेव्हा मोटार चालते पण पाणी नाही, असं झालं की आधी मेन स्विच बंद करा. पंपावरचं बूच काढून पाणी ओता. बुडबुडे थांबून पाणी काठोकाठ आलं, की बूच घट्ट लावा आणि पंप सुरू करा. ओतलेलं पाणी राहतच नसेल, तर विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळतोय. ही एकाच बाजूने उघडणारी झडप. तिच्यात कचरा अडकला की पाणी परत विहिरीत! आमच्याकडे नेमकं हेच निघालं. वायंडिंगचा खर्च वाचला, पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे, की संध्याकाळी सासूबाईंना ऊन पाण्याने स्वच्छ पुसून घेता आलं.

पंप थोडा वेळ पाणी देऊन सोडतो का? मग विहिरीकडून येणाऱ्या पाइपाच्या जोडांवर साबणाचा फेस लावा आणि पंप सुरू करा. जिथे फेस आत ओढला जाईल, तिथून हवा शिरतेय. पाणी बारीक येत असेल तर जाळीत किंवा चकतीत कचरा असेल, किंवा व्होल्टेज कमी असेल. आतून खडे खडखडल्यासारखा आवाज आला, तर पंपाला ओढायला पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात विहिरीची पातळी पंपाच्या खाली ७ मीटरपेक्षा जास्त गेली, तर कितीही दुरुस्ती करा, उपयोग नाही. हवेचा दाब पाणी जेमतेम १० मीटर उचलतो, तोही हिशेबापुरता. अशा वेळी पंप खाली बसवावा, नाहीतर पाण्यात बुडवायचा पंप घ्यावा.

मोटार नुसतीच घुमते आणि फिरत नाही? ताबडतोब बंद करा, नाहीतर ती खरोखरच जळेल! बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, किंवा पंप बरेच दिवस बंद राहून चकती गंजाने अडकलेली असते. कपॅसिटरला मात्र हात लावू नका. स्विच बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते. हे काम वायरमनचंच.

आणि एक गोष्ट अगदी गाठ बांधून ठेवा. विहिरीपाशी आपले हात ओले, पाय ओले. पंपाच्या अंगाला झिणझिण्या आल्या, तर ‘थोडंसंच लागतंय’ म्हणून चालवून घेऊ नका. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. घरच्यांनी खर्चाची कुरकुर केली तरी हट्ट धरा. साडी एखादी कमी घेतली तरी चालेल, बाई!

मिस्त्रीला बोलवायचंच नाही, असं नव्हे हं. पण तो काय दुरुस्त करतोय, ते आपल्याला कळायला हवं. पंप सुरू केल्यावर दोन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा, कोरडा चालला की आतलं सील जळतं. आणि उन्हाळा लागण्याआधी फूटव्हॉल्व्ह वर काढून साफ करून घ्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा, म्हणजे लोणच्याच्या कैऱ्यांच्या घाईत ते राहून जाणार नाही.