कथेतलं धान्य बघा

२०१८ च्या नोव्हेंबरात धुंदलवाडीकडची जमीन हलायला लागली. त्या हिवाळ्यात माझे उत्क्रांतीचे तास आंब्याखाली झाले, कारण डहाणू-तलासरीच्या त्या पट्ट्यात कोणी पोर छपराखाली बसायला तयार नव्हतं. धक्क्याआधी जमिनीच्या पोटात सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा. लोक थंडीत तंबूत झोपत होते. १ फेब्रुवारी २०१९ ला हळदपाड्यात धक्क्याच्या पळापळीत दोन वर्षांची एक मुलगी गेली, त्यानंतर तर माझ्या वर्गातल्या निम्म्या जागा रिकाम्याच असायच्या.

अशाच एका तासाला दुसऱ्या वर्षाची एक वारली मुलगी म्हणाली, "सर, आजी म्हणते, धरतरी कूस बदलते." पोरं हसली. मी हसलो नाही. हसायला माझ्याकडे तिच्यापेक्षा बरं उत्तर हवं होतं, आणि तेव्हा ते नव्हतं. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची यंत्रं बसली आणि चित्र थोडं उलगडलं: आपल्याखालचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यांना भेगा आहेत, त्या भेगांतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याचा दाब वाढून लहान लहान धक्क्यांचा असा घोळका येत असावा. मी हे मोठ्या उत्साहाने वर्गात सांगितलं. मुलीने वहीत उतरवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "पण आजी विचारते, कोणाचं काय चुकलं?"

तिथे माझं भूगर्भशास्त्र संपलं. वनस्पतिशास्त्राच्या मास्तराचं जेवढं असतं, तेवढं.

मात्र 'कोणाचं चुकलं' हा प्रश्न माणसाला मुळात पडतोच का, याचं उत्तर उत्क्रांतीकडे आहे, आणि ते समजायला आपल्याकडची वाघबारस पुरते.  शहरात त्या दिवशी गाय-वासराची पूजा होते, आमच्याकडे रानाच्या कडेला वाघदेवाची. लाकडात नाहीतर दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. आता कल्पना करा, हजारो पिढ्यांपूर्वी गवत हललं. वारा असेल, नाहीतर वाघ असेल. वारा समजून दहादा बरोबर ठरलेला माणूस अकराव्यांदा संपतो. वाघ समजून दहादा उगाच पळालेला माणूस धापा टाकत घरी येतो आणि त्याला पोरंबाळं होतात. आपण सगळे त्या पळणाऱ्यांची औलाद. प्रत्येक हालचालीमागे 'कोणीतरी' आहे असं धरून चालायची खोड आपल्याला वारशाने आली आहे. स्ट्यूअर्ट गथ्री या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये धर्माच्या उगमाबद्दल जवळपास हाच सिद्धांत मांडला. गवतामागे वाघ बघणारी नजर जमिनीखाली धरतरी आणि ढगामागे पावसाचा नारनदेव बघणारच. यात अडाणीपणा कुठे आला? ही जगून राहिलेल्यांची नजर आहे.

उत्पत्तिकथांचं एक मूळ इथे सापडतं. पण एवढ्याने भागत नाही. 'कोणीतरी आहे' इतकं मेंदू सांगतो. ते कोणीतरी खेकडा का, कासव का, डुक्कर का, हे तो सांगत नाही.

इथे एक तक्रार करून घेतो. उत्क्रांतीवर कुठेही व्याख्यान द्या, प्रश्नोत्तरांत एक सद्गृहस्थ उभे राहतातच. "सर, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... आपल्या पूर्वजांना डार्विन आधीच ठाऊक होता." टाळ्या पडतात. ही जुळणी डार्विनच्या नंतरची आहे. त्याचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. १८७७ साली मादाम ब्लाव्हात्स्कींच्या 'आयसिस अनव्हेल्ड'मध्ये अवतार आणि उत्क्रांती अशी सांगड छापलेली दिसते. आणि भागवताच्या पहिल्या स्कंधातली अवतारांची यादी उघडून बघा: तिथे वराह दुसरा आहे आणि मत्स्य दहावा. म्हणजे हा क्रम खरा मानला, तर डुक्कर आधी आणि मासा नंतर. शिवाय उत्क्रांती म्हणजे माशापासून माणसापर्यंतचा जिना हीच समजूत चुकीची. ते झाड आहे, आणि आजचा मासा त्या झाडावर आपल्याइतकाच आजचा आहे.

कथेला विज्ञानाचा सदरा घालायची काही गरज नसते. तिचा स्वतःचा वंश असतो, तिचं वय असतं, आणि ते काढता येतं. माझा सगळा नाद त्यासाठी आहे.

मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासींची एक कथा घ्या. आधी सगळीकडे पाणीच पाणी. संथाळांच्या कथेत तळाची माती वर आणायला एकेक जलचर जातो आणि हात हलवत परत येतो. शेवटी गांडूळ जातं. कासवाच्या पाठीवर शेपूट टेकवून, तोंड तळाला लावून माती गिळतं आणि पाठीवर टाकत राहतं. तीच पृथ्वी. बैगांच्या कथेत मातीच्या शोधाला कावळा निघतो, वाटेत त्याला प्रचंड खेकडा भेटतो, आणि माती शेवटी गांडुळाच्याच पोटातून निघते. डार्विनचं शेवटचं पुस्तक, १८८१ चं, गांडुळांवर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या अंगातून वर येते, असा हिशेब त्याने मांडला.

आता मीच त्या सद्गृहस्थांसारखं बोलू लागलो, असं वाटेल. पण संथाळांना डार्विन माहीत होता असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात बांधावर उकिडवं बसलं की गांडुळाने वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढिगारे कोणालाही दिसतात. डार्विनला ते केंटमधल्या घरामागच्या कुरणात दिसले. बघणारे दोघे, बघितलेली गोष्ट एक. त्याने ढिगारे तोलले, यांनी त्यातून पृथ्वी उभी केली.

आणि ही 'बुडी मारून माती आणण्याची' कथा आपल्यापुरती नाही. सायबेरियात बुडी पाणपक्षी मारतो, उत्तर अमेरिकेत बऱ्याच जमातींत पाणउंदीर मारतो. शतपथ ब्राह्मणात एमूष नावाचा वराह पृथ्वी वर काढतो. म्हणजे ज्याला आपण अवतार म्हणतो, तोसुद्धा याच भावकीतला दिसतो. सेंट पीटर्सबर्गच्या युरी बेरेझ्किन यांनी जगभरच्या अशा हजारो कथाबीजांची नोंद ठेवली आहे. कुठलं बीज कुठे आहे आणि कुठे नाही, यावरून माणसांच्या जुन्या वाटा शोधायच्या, असा हा उद्योग. माणसं आशियातून अमेरिकेत गेली ती निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी. त्यांच्या सामानात ही कथा असेल, तर तिचं वयही त्याहून कमी नाही.

'असेल तर' हे महत्त्वाचं. फुलपाखराला पंख आहेत, वटवाघळालाही आहेत. म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहीत. मातीचा माणूस घडवणारा देव मेसोपोटेमियात आहे, इजिप्तमध्ये कुंभाराच्या चाकावर माणूस घडवणारा ख्नूम आहे. जिथे माती मळणारे हात आहेत, तिथे ही कल्पना आपापली सुचू शकते. नातं ठरतं ते किरकोळ, विनाकारण तपशिलांवरून. मेळघाटातल्या कोरकूंची कथा ऐका. महादेव कागेश्वर कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडतो, त्या मातीचे बाई आणि पुरुष घडवतो. तेवढ्यात इंद्राचे घोडे येऊन बाहुल्या तुडवतात. मग महादेव कुत्रा घडवतो, कुत्रा घोड्यांना रोखतो, आणि मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं जिवंत होतं. घोडा शत्रू आणि कुत्रा राखणदार, हा जोड कोणाला सहज सुचण्यासारखा नाही. तरीही तो कोरकूंसारख्या मुंडा भाषिकांत सापडतो आणि पार उत्तरेकडे, युरेशियाच्या गवताळ मुलखाच्या वाटेवरही सापडतो. माणसाळलेला घोडा भारतात आला तो साधारण चार हजार वर्षांच्या आत-बाहेर. म्हणजे कथेचा सांगाडा कितीही जुना असो, घोड्याचा हा तुकडा त्याआधीचा नाही. दगडातल्या थराचं वय त्यातल्या शिंपल्यावरून काढतात, तसंच हे.

आमच्या वारल्यांची कणसरी मला म्हणूनच सगळ्यात मोलाची वाटते. कणसात राहणारी ती कणसरी. खळ्यात तिची पूजा होते, भगत घांगळीवर तिची कथा लावतो, आणि ती कथा डहाणूपासून डांगातल्या कोकणांपर्यंत पाड्यागणिक थोडी थोडी बदलत जाते. मी ऐकलेल्या बहुतेक रूपांत एक गोष्ट टिकून आहे: कणसरीचा अपमान होतो, ती रुसून निघून जाते, आणि मागे दुष्काळ पडतो. ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर अशीच रुसते, हित्तींचा देव तेलिपिनूही.

आता कथेतलं धान्य बघा. नागलीशिवाय कणसरी नाही. पण नागली मूळची इथली नाही. ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखात माणसाळली आणि मग समुद्र ओलांडून इकडे आली. वरी मात्र भारतातलीच. म्हणजे आज ऐकू येणारी कणसरीची कथा नागली इथे रुजल्यानंतरच घडली असणार, मग तिच्याखाली आणखी जुनी वरीची कथा असेलही. (आमच्या घोलवडचा चिकू याच कारणाने गमतीचा. मध्य अमेरिकेतून आलेला, इथे शंभर-सव्वाशे वर्षं राबलेला, भौगोलिक मानांकन मिळवलेला. पण त्याची एकही देवकथा मला आजवर सापडलेली नाही.)

आणि भात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून तळ्याकाठचा देवभात आणतात. मी दरवर्षी त्याची लोंबी वर्गात नेत असे. पोरांना सांगायचो, हलक्या हाताने धरा. पिकलेली लोंबी नुसती झटकली की दाणे टेबलावर सांडतात. शेजारी ठेवलेल्या शेतातल्या भाताची लोंबी कितीही झटका, दाणा हलत नाही. रानभाताला दाणा सांडायलाच हवा, नाहीतर पुढची पिढी कशी उगवणार? पण विळा घेऊन आलेल्या माणसाच्या हाती लागतात ते लोंबीला चिकटून राहिलेले दाणे. तेच घरी येतात, तेच पुढच्या वर्षी पेरले जातात. अशी कित्येक शतकं गेली आणि दाणा लोंबीला धरून राहू लागला. या बदलात मोठा वाटा असलेला एक जनुक २००६ मध्ये सापडला. त्यात मुख्य फरक होता फक्त एका अक्षराचा.

देवाचा भात म्हणजे निघून जाणारा भात, आणि माणसाचा भात म्हणजे थांबलेला. रुसून जाणारी कणसरी हीच तर नव्हे? इथे मी स्वतःला आवरतो. हा माझा खेळ झाला. ते सिद्ध करायचं, तर एका पाड्याची कथा पुरणार नाही. शेजारच्या पन्नास पाड्यांच्या कथा, त्यातली धान्यं आणि त्यांचा क्रम हाताशी हवा. के. जे. सावे यांनी 'द वारलीज' लिहिलं ते १९४५ मध्ये. यशोधरा दालमिया यांचं वारली चित्रांवरचं पुस्तक १९८८ चं. कलंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तांदळाच्या पिठाची ती पांढरी माणसं जगभरच्या भिंतींवर गेली. पण लग्नाच्या चौकातल्या पालघाट देवीसमोर लग्न लावणारी धवलेरी रात्रभर जे गाते, त्यातलं फार थोडं कागदावर आलं आहे.

म्हणून डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या लग्नांना जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. फोन असतोच खिशात. धवलेरीला विचारून तिचं गाणं पुरतं टिपा, मध्ये थांबवू नका. पाड्याचं नाव लिहा. धान्यांची आणि प्राण्यांची नावं ती उच्चारते तशीच ठेवा, आणि आजीचं काही 'चुकलं' असं वाटलं तर कृपा करून दुरुस्त करू नका.

त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने आजीकडून टिपलेली कणसरीची कथा माझ्याकडे आहे. तिच्यात नागली आहे, वरी आहे, भात आहे. घोडा नाही. चिकू अजून आलेला नाही.